गाडी माझी, ऊस माझा, मग वजन कशाला?

वाचकांचे प्रश्न : गाडी, ट्रॉली आणि वजन
(उत्तरं देणाऱ्या ताई कराड–विटा रस्त्यावर वजनकाटा चालवतात.)

हंगाम सुरू झाला की पत्रं वाढतात. या वेळच्या गठ्ठ्यात तक्रारीचा सूर बहुतेक एकच: माल माझा, गाडी माझ्या नावावर, मी काही भाडं मारत नाही, मग मला काट्यावर का नेता? सगळी पत्रं छापायला जागा नाही. ज्यांतून इतरांनाही काही मिळेल अशी निवडली आहेत.

प्रश्न : ताई, ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, तिन्ही माझ्या नावावर. ऊस माझ्याच रानातला. रात्री कारखान्याकडे निघालो तर तपासणी पथकानं अडवलं आणि काट्यावर चला म्हणाले. शेतीच्या ट्रॅक्टरला वजनाचा नियम असतो का? शिवाय सांगितलेला काटा मागं आठ किलोमीटरवर. वळवून नेताना आमच्या ड्रायव्हरनं मध्येच दहा-बारा मोळ्या खाली टाकल्या, त्यावरून आणखी रामायण झालं. चूक कोणाची?
— ट्रॅक्टरमालक, ता. वाळवा

उत्तर : थोडी त्यांची असेलही, जास्त तुमच्या ड्रायव्हरची.

आधी शेतीच्या ट्रॅक्टरचं बघू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहनांत धरलेला आहे. त्याचे फायदे तुम्हाला मिळतात, मिळालेही असतील. पण ते फायदे परवान्याच्या आणि पासिंगच्या खिडकीवरचे. वजनाचं कलम वेगळं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११३ म्हणतं की कुठलंही मोटार वाहन किंवा ट्रेलर, त्याच्या नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या भरल्या वजनापेक्षा जास्त भरून चालवायचं नाही. शेतीचं वगळून, घरचा माल वगळून असं त्या वजनाच्या ओळीत काही नाही. काट्यालाही मालक कोण ते कळत नाही.

आता तिन्ही आरसी बुकं समोर घ्या. (स्मार्ट कार्ड आलं तरी आमच्याकडे बुकच म्हणतात.) ट्रॉलीचं स्वतःचं आरसी असतं, कारण कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र नोंदवायचं वाहन आहे. पुष्कळांना हे माहीतच नसतं. ट्रॅक्टरचा नंबर मागच्या ट्रॉलीवर रंगवला की झालं असं समजतात. तो नंबर शेवटच्या ट्रॉलीवर हवाच, पण ट्रॉलीचा स्वतःचा नंबरही हवा. प्रत्येक बुकात दोन आकडे दिसतील, रिकामं वजन आणि भरलं वजन. पथक बघतं ते हे आकडे, कारखान्याच्या पावतीवरचं टनेज नाही.

रिकाम्या वजनालाही मर्यादा आहे, आणि आपल्या भागातल्या ट्रॉल्या तिथंच अडकतात. कलम ११३ मध्ये लिहिलंय की गाडीचं रिकामं वजनही नोंदलेल्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त असता कामा नये. आमच्या काट्यावर येणारी एक ट्रॉली सांगते. मूळ फळ्यांच्या वर दीड-दोन फूट जाळी, जाळीला आधार म्हणून चारी कोपऱ्यांत चॅनेल वेल्ड केलेले, तळाला जुना पत्रा कुजला म्हणून त्याच्यावरच दुसरा जाड पत्रा, आणि मागं टायरच्या वर लटकवलेला स्टेपनीचा पिंजरा. मालक कौतुकानं सांगतो, “ताई, मजबूत केलीय.” मजबूत झाली खरी, पण रिकामीच उभी केली तरी बुकातल्या आकड्याच्या पुढं जाते. म्हणजे एक मोळी न भरता ती नियमाबाहेर. वर्कशॉपवाला हे सांगत नाही, त्याला वेल्डिंगचे पैसे मिळतात.

दंडाचा हिशेब कागदावर मांडून ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये, शिवाय जादा भरलेल्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, वर जादा माल उतरवायचा खर्च. आधी हेच २,००० आणि टनाला १,००० होतं. समजा एका ट्रॉलीत तीन टन जास्त निघाला, तर २६,००० आणि हमाली. आणि जादा माल खाली केल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, असंही त्याच कलमात आहे. रात्री अकरा वाजता रस्त्याकडेला ऊस कोण उतरवून घेणार आणि सकाळी तिथं किती उरणार, ते तुम्ही जाणता. माल उतरवायचा तो चालकाच्या जबाबदारीवर, असे कायद्याचेच शब्द आहेत.

आता पथकाचं. कलम ११४ नुसार जादा वजनाचा संशय आला तर अधिकृत माणूस गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. पण काटा कुठला, याला मर्यादा आहे: पुढच्या वाटेवरच्या कुठल्याही ठिकाणापासून १० किलोमीटरच्या आत, किंवा गाडी जिथं पोचायची आहे त्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत. तुम्हाला उलटं फिरवून आठ किलोमीटर मागं नेलं, ते यात बसतं की नाही यावर वाद होऊ शकतो. तो काटा तुमच्या कारखान्यापासून वीस किलोमीटरच्या आत असेल तर मात्र चालून जातं. घरी बसून अंतर मोजा आणि मगच लेखी हरकत घ्या. रस्त्यावर हुज्जत घालून उपयोग नाही. काट्याला नकार दिला तर कलम १९४ च्या दुसऱ्या पोटकलमात थेट ४०,००० रुपये दंड आहे.

त्याच पोटकलमात तुमच्या ड्रायव्हरच्या मोळ्याही आहेत. वजन होण्याआधी माल किंवा त्यातला काही भाग काढला, तर दंड नकार देणाऱ्याइतकाच, ४०,०००. दहा-बारा मोळ्या म्हणजे किती किलो? तेवढ्यासाठी वीस हजाराचं प्रकरण चाळीस हजारावर नेऊन ठेवलं. ड्रायव्हरला वाटलं आपण मालकाचे पैसे वाचवतोय. त्याला रागावू नका, पण पुढच्या खेपेआधी हे वाचून दाखवा.

आणि “मी गाडीवर नव्हतो, ड्रायव्हरनं भरली” हे मालकांचं आवडतं उत्तर चालत नाही. चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, तिघंही कलमात येतात. चालक मालक नसेल तर हे मालकाला माहीत होतं किंवा त्याच्याच सांगण्यावरून झालं, असं न्यायालयाला गृहीत धरता येतं. ऊसतोड टोळीचा मुकादम टनावर पैसे घेतो, ड्रायव्हर खेपेवर. कमी भरा म्हणणारा त्या रानात तुम्ही एकटेच असणार, आणि तुम्ही म्हटलं नाही तर कोणीच म्हणणार नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण हंगामात तुमचा ट्रॅक्टर शेजाऱ्यांचा ऊसही ओढत असणार. भाड्यानं माल वाहणारी ट्रॅक्टर-ट्रॉली ही मालवाहू गाडीच आणि तिला परवाना लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली नटवर पारीख कंपनी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारते, ऊस कोणाचा होता?

ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेल्या उसाबद्दल थोडक्यात. बॉडीच्या बाहेर आडवा, पुढं-मागं किंवा ठरल्यापेक्षा उंच गेलेला माल हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला वेगळे २०,००० आहेत, वजन बरोबर असलं तरी. पैशाचं सोडा. मागं लाल रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात मोटरसायकलवाल्याला दिसत नाही, आणि बाहेर आलेली कांडी त्याच्या तोंडाच्या उंचीला येते.

प्रश्न : दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तुमच्या काट्यावर एकदम मावत नाही. मग एकेक ट्रॉली पुढं-मागं करून वजन करता. ते खरं येतं का? दोन वेळा केलं तर दोन आकडे आले.
— ता. कडेगाव (तुम्ही मला ओळखता)

उत्तर : ओळखते. आणि तुम्ही दोन्ही वेळा ब्रेक दाबून उभे होता, तेही आठवतंय.

प्रश्न मात्र चांगला आहे. माझा प्लॅटफॉर्म चाळीस फुटी. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या त्यावर एका वेळी बसत नाहीत, म्हणून तुकड्यांत वजन करावं लागतं. तसं केलं की चूक शिरते ती हुकातून. चार चाकी ट्रॉलीचा भार जवळजवळ सगळा तिच्याच चाकांवर असतो. दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार हुकावरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर जातो. आता दोन चाकी ट्रॉली काट्यावर, ट्रॅक्टर काट्याच्या बाहेर आणि पिन लावलेलीच, असं वजन घेतलं तर हुकावरचा भार जमिनीवर गेला. आकडा कमी येणार. मालकाला तो आवडतो, पण तो खोटा.

त्यात आमच्या काट्याच्या दोन्ही टोकांना चढ आहे. ट्रॅक्टर उताराला आणि ट्रॉली सपाटीला उभी राहिली की हुक ताणला जातो. वर ब्रेक दाबला की प्लॅटफॉर्म आडवा ओढला जातो आणि इंडिकेटरवरचा आकडा वीस-तीस किलो इकडं-तिकडं नाचतो. म्हणून मी ड्रायव्हरला गिअर काढायला, ब्रेक सोडायला आणि खाली उतरायला सांगते. चाकाखाली लाकूड लावते. आकडा स्थिर झाला की मगच छापते.

नक्की वजन हवं असेल तर ट्रॉली काट्यावर सोडवायची, दोन चाकी असेल तर तिचा जॅकही प्लॅटफॉर्मवरच टेकवायचा, ट्रॅक्टर बाहेर काढायचा. मग ट्रॅक्टर वेगळा. वेळ जातो, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, पण तुमच्या आरसीतल्या आकड्याशी ताडून बघायला हाच खरा मार्ग, कारण आरसीही एकेका वाहनाचं वेगळंच असतं. जमत असेल तर दुपारी दोन ते चारमध्ये या, गर्दी नसते.

प्रश्न : माझी छोटी मालवाहू पिकअप आहे. तिच्यातून फक्त आमच्या घरचा बेदाणा आणि द्राक्षं जातात, भाडं मी घेत नाही. गावातल्या फॅब्रिकेटरकडून मागं जोडायला एक छोटा ट्रेलर करून घ्यावा म्हणतो, म्हणजे एका खेपेत काम होईल. खासगी वापर असल्यामुळं अडचण येणार नाही ना?
— बागायतदार, ता. तासगाव

उत्तर : येईल, आणि ती काट्याच्या आधीच येईल.

जुन्या, म्हणजे १९३९ च्या कायद्यात खासगी मालवाहकाचा परवाना वेगळा आणि सार्वजनिक मालवाहकाचा वेगळा होता. ट्रकांच्या डोक्यावर ‘पब्लिक कॅरिअर’ रंगवायची पद्धत तिथून आली आणि अजून जात नाही. १ जुलै १९८९ ला नवा कायदा लागू झाला आणि तो भेद गेला. आता माल वाहण्यासाठी बांधलेली गाडी ती मालवाहू गाडी. बेदाणा तुमचा की दुसऱ्याचा, यानं तिचा वर्ग बदलत नाही. नंबरप्लेट पिवळीच.

तुम्हाला मिळणारी सूट वजनावर आहे, मालकीवर नाही. गाडीचं भरलं वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर कलम ६६ प्रमाणे परवाना लागत नाही. आरसी बघा, तुमची पिकअप त्यात बसतही असेल. पण सूट परवान्यापुरती. फिटनेस, विमा आणि वजनाची मर्यादा तशीच राहते.

आता ट्रेलर. कंपनीनं ज्या गाडीला हुक दिलेला नाही तिला वेल्डिंग करून हुक लावणं म्हणजे गाडीत बदल करणं. नियमात न बसणाऱ्या अशा बदलाला मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ट्रेलरची नोंदणी वेगळी, ती फॅब्रिकेटरच्या बिलावर होत नाही. विम्यात ट्रेलर वेगळा दाखवलेला हवा, नाहीतर मागून कोणाला लागलं तर भरपाई तुमच्या खिशातून.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी मी नको म्हणेन. या गाड्यांचे ब्रेक त्यांच्या स्वतःच्या भरल्या वजनासाठी असतात. मागं बिनब्रेकचा टनभर माल ढकलत असताना खंबाटकीच्या उतारावर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. द्राक्षं पुण्याला न्यायची तर वाटेत तोच घाट आहे. दुसरी खेप स्वस्त पडेल.

मोठी गाडी घ्यायचा विचार असेल तर एक माहिती. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्रानं अॅक्सलवर चालणारं वजन वाढवलं. दोन अॅक्सलच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली, आणि ट्रेलर जोडलेल्या मोठ्या गाड्यांची कमाल मर्यादा ५५ टनांपर्यंत गेली. पण जुनी गाडी घेताना विकणारा तोंडानं जो आकडा सांगेल तो धरू नका. त्या गाडीच्या आरसीवर काय छापलंय, तेवढंच पथक बघणार.

प्रश्न : मुरघास विकत घेतला. विकणाऱ्याकडच्या काट्यावर भरली गाडी १४,३१० किलो, माझ्या गावाजवळच्या काट्यावर १४,२६०. पन्नास किलो कुठं गेले? तो म्हणतो माझा काटा सरकारी शिक्क्याचा आहे, हा म्हणतो माझाही.
— दूध उत्पादक, ता. फलटण

उत्तर : दोघंही खरं बोलत असतील, तरी पन्नास किलोचा फरक पडू शकतो.

बहुतेक काट्यांवर आकडा दहा-दहा किलोनं पुढं सरकतो. अशा काट्याला वैधमापन खात्याच्या तपासणीत ५ ते २० टनांच्या टप्प्यात १० किलो इकडं-तिकडं चालतं. वापरात असताना अचानक तपासला तर त्याच्या दुप्पट, म्हणजे २० किलो. एक काटा वीस किलो जास्त आणि दुसरा वीस किलो कमी दाखवत असेल, तर चाळीसचा फरक नियमातच बसला. उरलेल्या दहासाठी डिझेल बघा. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरतं. त्यातून मुरघास म्हणजे आंबवलेला ओला चारा. वाटेत त्याचं पाणी गळत असतं. आमच्या काट्यावर मुरघासाची गाडी उभी राहिली की मागच्या फाळक्याखाली पट्टा ओला होतो आणि आंबूस वास दिवसभर जात नाही.

पण मी तुमच्या जागी असते तर भरल्या वजनावर इतकी भांडत बसले नसते. पावतीवरचं रिकामं वजन बघा. रिकामी गाडी तुमच्यासमोर काट्यावर चढवली होती, की “नेहमीचंच टेअर घाला” म्हणून जुना आकडा टाकला? पैसे नक्त वजनावर जातात, आणि नक्त वजन म्हणजे भरल्या वजनातून रिकामं वजा. रिकामं वजन शंभर किलोनं कमी दाखवलं की शंभर किलो हवा विकली. हे करायला काट्यात काही करावं लागत नाही, कीबोर्डवर दोन बटणं पुरतात. खरं सांगायचं तर काट्यातल्या यंत्रापेक्षा या जुन्या टेअरनं जास्त लोकांना फसवलंय.

पुढच्या वेळी काय बघायचं? गाडी चढायच्या आधी इंडिकेटरवर शून्य आहे का. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर आहेत का, मागचं शेवटचं जोड चाक खासकरून. रिकाम्या वेळी ड्रायव्हर आत होता तर भरल्या वेळीही आतच, खाली होता तर दोन्ही वेळा खाली. पावतीवर दोन्ही वजनांची तारीख आणि वेळ छापलेली आहे का. काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. बघायला मागा. माझ्याकडे मागितलं की मी बोट दाखवते, गणपतीच्या फोटोखालीच आहे. जो काटेवाला प्रमाणपत्र विचारल्यावर चिडतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका, आणि शंका पक्की असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन निरीक्षकाकडे पावत्यांसह लेखी द्या.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत टेक्सासला असतो. नोकरी बदलली म्हणून फ्लोरिडाला जातोय. स्वतःची पिकअप आणि मागं भाड्याचा ट्रेलर, त्यात घरचं सामान. तिकडं हायवेवर ट्रकांचं वजन करायची ठाणी असतात म्हणे. तो म्हणतो खासगी माणसाला थांबावं लागत नाही. तुम्ही हसाल, पण तुम्हालाच विचारावंसं वाटलं.
— विश्रामबाग, सांगली

उत्तर : हसले नाही. हा प्रश्न वाळव्याच्या पत्राचा सख्खा भाऊ आहे.

मुलाचं बरंचसं बरोबर आहे. तिकडच्या केंद्रीय नियमांत व्यावसायिक वाहनाची रेघ १०,००१ पौंडांवर आहे, आपले साधारण ४,५३६ किलो. गाडीला किंवा गाडी-ट्रेलरच्या जोडीला कंपनीनं ठरवून दिलेलं कमाल वजन आणि प्रत्यक्ष भरलेलं वजन, यांतलं जे जास्त ते इथं धरतात. मोठी पिकअप आणि ट्रेलर मिळून ही रेघ सहज ओलांडली जाते. पण घरचं सामान कधीतरी, मोबदला न घेता आणि धंद्यासाठी नसताना नेलं, तर वाहतूकदारांचे ते केंद्रीय नियम लागत नाहीत. म्हणजे तिकडं तुमच्या मुलाला खरोखरच खासगी असल्याचा फायदा आहे. आपल्याकडे वजनाच्या बाबतीत तसा तो नाही.

मात्र ठाण्यावर थांबायचं की नाही, हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो, आणि वाटेत लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा अशी राज्यं लागतात. प्रत्येक ठाण्याच्या आधी पाटी असते, तीवर कोणी आत यायचं ते लिहिलेलं असतं. पाटी वाचून चालावं. फ्लोरिडात शिरताना मात्र शेतीमालाच्या तपासणीचीही वेगळी ठाणी आहेत. तिथं साध्या खासगी मोटारीला थांबावं लागत नाही, पण मागं सामानाचा ट्रेलर असला की थांबावं लागतं. राहायचे, कॅम्पिंगचे ट्रेलर त्यातून वगळलेले आहेत. झाडं, फळं, माती यांतून कीड राज्यात येऊ नये म्हणून ही तपासणी. तुमच्या सूनबाईंनी कुंड्या बरोबर घेतल्या असतील तर आधीच विचारपूस करावी.

लायसन्सचं म्हणाल तर जोडीचं ठरलेलं वजन २६,००१ पौंड, म्हणजे जवळजवळ ११.८ टन, आणि त्यात ट्रेलर १०,००० पौंडांच्या वर, असं असेल तरच तिकडं व्यावसायिक लायसन्सचा विषय निघतो. घर बदलणारा माणूस तिथवर जात नाही.

थांबावं लागो न लागो, निघण्याआधी एकदा वजन करून घे म्हणावं. तिकडं ट्रक थांबतात त्या मोठ्या पंपांवर पैसे देऊन वापरायचे काटे असतात आणि त्यांचे प्लॅटफॉर्म तुकड्यांत असतात. एकदाच उभं राहिलं की पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलर असे वेगवेगळे आकडे पावतीवर मिळतात. हेवा वाटतो मला त्या काट्यांचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर गाडीच्या कमाल वजनाचं स्टिकर असतं, त्याच्याशी आकडे ताडायचे. आणि ट्रेलर भरताना जड सामान चाकांच्या थोडं पुढं ठेवायचं, म्हणजे ट्रेलरच्या एकूण वजनातला १० ते १५ टक्के भार हुकावर येतो. सगळं जड मागं गेलं की हुक वर उचलला जातो आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडं झोले खायला लागतो. फ्रिज आणि पुस्तकांची खोकी पुढं, गाद्या मागं.

प्रश्न : माझं लायसन्स हलक्या मोटार वाहनाचं. त्यावर ट्रॅक्टर चालवतो. ट्रॉली जोडली की लायसन्स अपुरं पडतं असं एकानं सांगितलं.
— ता. कोरेगाव

उत्तर : पडत नाही. रिकामं वजन ७,५०० किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत बसतो, आणि आपल्याकडचे सगळे शेतीचे ट्रॅक्टर त्याच्या खूपच खाली असतात. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन्स निकामी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या नागशेट्टी प्रकरणात सांगितलंय. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्याही हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालतात, यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. ज्यानं तुम्हाला सांगितलं त्याला एवढं विचारा, त्याच्या ट्रॉलीचं आरसी कुठंय?